रजिस्टरचं शेवटचं पान

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

आजपासून 'सांस' मोहीम. दरवर्षी जागतिक न्यूमोनिया दिनाला सुरू होते, 28 फेब्रुवारीपर्यंत चालते. सकाळी फुलसावंगीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही सगळ्या आशा जमलो. सिस्टरने पाढे म्हणून घ्यावेत तसे आकडे म्हणून घेतले. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला साठ. दोन महिने ते वर्ष, पन्नास. वर्ष ते पाच वर्षं, चाळीस. श्वास तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका. छाती आत ओढली जात असेल तर लेकरू घरी ठेवायचं नाही, लगेच दवाखाना.

पहिल्या प्रशिक्षणात ऐकलेली गडचिरोलीची गोष्ट दर मोहिमेला आठवते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांतल्या माणसांना लेकरांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाजूला मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी हातात आला तर समजायचं, हा न्यूमोनिया. 1990 साली ते काम 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आलं आणि जगाला कळलं की अडाणी बाईही श्वास मोजून लेकरू वाचवू शकते. आम्ही आशा घरोघरी जाऊन बाळ तपासतो, त्याचं मूळही तिथलंच.

आज बारा घरं झाली. एका बाळाचे श्वास छप्पन्न भरले, पण बाळ अडीच महिन्यांचं. त्याला घेऊन आईला लगेच दवाखान्यात पाठवलं. बाकी ठीक.

घरी आले तर धाकटा जेवण न करताच झोपलेला, तोंड उघडं. सासूबाई म्हणाल्या, "शाळेतून आला की पडला. पाय, कसा घोरून राह्यला." कौतुकानेच म्हणाल्या. मीही हसले.

14 नोव्हेंबर, गुरुवार

रात्रीचे साडेबारा. हे अकरा वाजताच हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. शेतातली लाइन या आठवड्यात रात्रीची आहे. मी मोहिमेचं रजिस्टर पूर्ण करत बसले होते. बाजूच्या गादीवर धाकटा घोरत होता, लाकूड कापल्यासारखा. त्या आवाजाची इतकी सवय आहे की तो कानावर येतो पण ऐकू येत नाही.

मग तो बंद झाला. मी वर पाहिलं ते त्या शांततेमुळे. त्याची मान मागे ताणलेली, उशी सोडून डोकं खाली लोंबलेलं. तोंड उघडं. पोट वर येत होतं, पण त्याच वेळी छातीचा पिंजरा आत जात होता. बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. आवाज नाही. मी नाकाशी बोट धरलं. हवा लागली नाही.

मोबाइलचं घड्याळ चालू केलं. पाच, सहा, सात. पोटाची ओढ वाढली. नऊ, दहा, अकरा. मग एकदम फुर्रकन घशातून आवाज आला, अंग झटकलं, कूस वळला आणि घोरणं परत सुरू.

मंगळवारी सकाळी सिस्टरने जे म्हणून घेतलं तेच माझ्यासमोर गादीवर होतं. छाती आत ओढली जाणे. परक्याच्या घरी दिसलं असतं तर मी 108 ला फोन लावला असता.

रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर रेघा मारत गेले, चार उभ्या आणि पाचवी आडवी. अकरा ते बारा या तासात सतरा रेघा झाल्या. उशीला हात लावला तर घामाने ओली. नोव्हेंबर आहे, बाहेर गारठा आहे, आणि लेकराची उशी पिळून काढावी अशी ओली.

आमच्या तक्त्यात पाच वर्षांपर्यंतची मुलं आहेत. हा गेल्या महिन्यात सहा पूर्ण झाला. तो आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस घरात हाच विषय. सासूबाईंचं म्हणणं, "याचा आजाही असाच घोरे, साऱ्या गल्लीले ऐकू जाय. झोप गाढ असली की माणूस घोरतेच. काहून भेव घेतं व माय?" शेजारच्या आजी म्हणाल्या, पडजीभ पडली असेल, उचलून देते. मी लेकराला त्यांच्या अंगठ्याखाली जाऊ दिलं नाही. त्यावरून थोडं वाजलंही.

पण बसून आठवत गेले आणि एकेक गोष्ट जागेवर येऊन बसली. सर्दी बाराही महिने. गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात 'बाळदमा आहे' म्हणाले. वाफ, पातळ औषधं, अँटिबायोटिकचे तीन कोर्स. तेवढ्यापुरतं बरं वाटे. अंथरूण अजून ओलं करतो, त्यासाठी मी दोनदा रागावलेही. पहिलीच्या गुरुजींनी दिवाळीआधी सांगितलं होतं, "एका जागी बसत नाही, आणि बसला की डुलक्या." सकाळी उठतो तेव्हा चिडलेला. वजन सोळा किलो. त्याच्या ताईचं या वयात एकोणीस होतं. जेवताना घास तोंडात घोळवत राहतो. आम्ही म्हणायचो नखरे करतो. तोंडाने श्वास घ्यायचा आणि तोंडानेच गिळायचं, हे दोन्ही एकदम कसं करणार लेकरू?

सहा तक्रारी, सहा वेगवेगळे उपाय आम्ही करत होतो. रागावणं हाही त्यातलाच एक.

18 नोव्हेंबर, सोमवार

आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवलं. बॅटरी लावून घसा पाहिला. टॉन्सिल दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत आलेले, मधे बोटभर फट. "हे दिसतात ते टॉन्सिल. यांच्यासारखीच एक गाठ नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असते, ती अशी दिसत नाही. तिला अॅडेनॉइड म्हणतात. साधारण दोन ते आठ वर्षांत या गाठी घशाच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात. दिवसा स्नायू घसा उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट बंद होते."

मी रेघांचं पान दाखवलं. डॉक्टर जरा वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हे चांगलं केलंत. आता एक व्हिडिओ काढा. छाती-पोट उघडं दिसलं पाहिजे, आवाज आला पाहिजे."

परत येताना मनात आलं, शाळेत दरवर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. तो कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे, मिळून तीसेक गोष्टी तपासतात. दमा त्यात आहे, कान फुटणं आहे, दात आहेत, झटके आहेत. झोपेत श्वास अडणं त्या यादीत नाही. असतं तरी पथक येतं दिवसा, तेव्हा लेकरू जागं असतं. हा आजार दिवस उजाडला की लपतो. तो पाहायला रात्री घरात असणारं माणूस लागतं.

20 नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. आम्हा आशांना केंद्रावर औषधांची पेटी घेऊन बसवलेलं. दिवसभरात एका आजीला चक्कर, दोघांना डोकेदुखीच्या गोळ्या. रांगेत एक ओळखीची बाई भेटली, जवळच्या पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची. तिला सहज धाकट्याचा काढलेला व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "माही पोरगी रोजच अशी करते. सकाळी उठली की डोकं धरून बसते." पोरगी आठ वर्षांची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे मला आधीपासून माहीत. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तिच्यासाठी एक ओळ लिहिली.

26 नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळ. पहाटे निघालो. महागावहून तुळजापूर-नागपूर महामार्गाने आर्णीवरून जाणारी एस.टी. माझं अर्धं तिकीट, धाकट्याचं अर्धं, ह्यांचं पूर्ण. तिघांत दोन तिकिटं. कापूस वेचणीचे दिवस, मजूर ठरवून ठेवलेले. हे वाटेत दोनदा फोनवर बोलले, पण "येत नाही" म्हणाले नाहीत.

श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग. केसपेपर, रांग, मग तपासणी. तरुण डॉक्टरीणबाईंनी गाव विचारलं. "फुलसावंगी? हेलिकॉप्टरवाल्या मुलाचं?" आम्ही मान हलवली. 2021 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या एका तरुणाने घरी बनवलेलं हेलिकॉप्टर चालवून पाहताना त्याच्याच पात्याने त्याचा जीव घेतला. तेव्हापासून गावाची ओळख हीच. धाकटाही कागदाचं हेलिकॉप्टर करून पळतो. दहा पावलं पळतो आणि थांबून तोंडाने धापा टाकतो.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. बाईंनी तीनदा पाहिला. मग मानेचा बाजूने एक्स-रे काढला. त्यात हवा काळी दिसते. घशातून उतरणारी काळी पट्टी चांगली रुंद होती, पण नाकाच्या मागे ती दोऱ्याएवढी झालेली. पांढऱ्या गाठीने तिला भिंतीशी दाबून धरलेलं. आजवर आईने, आजीने, गुरुजींनी, डॉक्टरांनी ज्याला सर्दी, दमा, आळस, नखरे म्हटलं ते सगळं त्या एका काचेवर दिसत होतं.

विचारत गेले आणि बाई सांगत गेल्या. श्वास अडणं मोजायची पक्की पद्धत म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी, पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा चिकटवतात. नाकाशी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मोठ्या माणसात श्वास दहा सेकंद थांबला तर धरतात, मुलांत दोन श्वासांइतका वेळ पुरे. मोठ्यांत तासाला पाचपर्यंत चालवून घेतात, मुलांत एकाच्या वर गेलं की आजार. माझ्या पानावर सतरा होत्या. बाई म्हणाल्या, घरची मोजणी म्हणजे तपासणी नव्हे. पण चुकीचीही म्हणणार नाही.

ही तपासणी करायला मोठ्या शहरात जावं लागतं, नागपूर, पुणे, मुंबई. लहान मुलांसाठीच असलेली रुग्णालयंही मोठ्या शहरांतच. पण प्रत्येक लेकराला तिथे जावं लागत नाही. टॉन्सिल मोठे, बाकी तब्येत धड, लक्षणं उघड, असं असेल तर गाठी काढणं हाच पहिला उपचार. दोन वर्षांच्या आतलं बाळ, डाउन सिंड्रोम, फार लठ्ठपणा, चेहऱ्या-जबड्याचं व्यंग, स्नायूंची कमजोरी आणि सिकलसेल, एवढ्यांची मात्र ऑपरेशनच्या आधी झोपेची तपासणी करावी असं शास्त्र सांगतं.

"याची सिकलसेल केलीय ना?" बाईंनी विचारलं.

मी गप्प झाले. गावातल्या शेकडो लोकांना मी त्या चाचणीसाठी हाताला धरून नेलं. 2023 च्या जुलैपासून तर राष्ट्रीय मोहीम आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्यांना तपासायचं. शाळेत रक्त घेतलं त्या दिवशी धाकटा सर्दीने घरी होता. नंतर करू म्हटलं आणि राहून गेलं. हेही राहिलं ते आशाच्याच घरात.

बोटातून थेंबभर रक्त घेतलं, नळीतल्या द्रावणात टाकलं. नळीच्या मागे रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेल असू शकतो, मग पुढची तपासणी. मी इतक्यांच्या नळ्या पाहिल्या, पण नजर कधी अशी चिकटली नव्हती. पाच मिनिटांनी बाईंनी नळी उचलून माझ्यापुढे धरली. रेघा स्वच्छ दिसत होत्या. ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून सुस्कारा सोडला.

मग ऑपरेशनचं बोलणं. हे म्हणाले, "मोठा झाला की गाठी आपोआप जातात म्हणतात." बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "जातात काहींच्या. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांवर अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवून लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्क्यांची झोपेची तपासणी चांगली आली आणि थांबलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. म्हणजे थांबणं हाही मूर्खपणा नाही. पण ऑपरेशनवाल्यांचं वागणं आणि झोप जास्त सुधारली. तुमच्या लेकराचं वजन वाढत नाही. वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सुटतं, आणि याची झोप तुम्ही लिहिलंय तशी तासाला सतरा वेळा मोडते. तुमच्या जागी मी असते तर थांबले नसते. ठरवायचं तुम्ही."

एवढं सांगून "ठरवायचं तुम्ही" म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली. ह्यांनी बाहेर येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "तारीख घेऊन टाक." तारीख मिळाली 18 डिसेंबर. तोवर नाकात मारायचा फवारा दिला. मान उंच ठेवून, कुशीवर झोपवायला सांगितलं.

9 डिसेंबर, सोमवार

फवाऱ्याने घोरण्याचा आवाज थोडा कमी झाला, थांबणं कमी झालं नाही. मी आता रोज मोजत नाही. मोजत बसलं की झोप दोघांचीही जाते. ह्यांनी मात्र सवय लावून घेतली. शेतातून परत आले की पाय धुऊन आधी त्याच्याजवळ बसतात. काल रात्री मला उठवलं, "चौदा झाले गं." बापाने मोजलेले चौदा सेकंद. लेकरू घोरतं म्हणून इतकी वर्षं जो माणूस निर्धास्त झोपायचा, तो आता घोरणं थांबलं की दचकून उठतो.

18 डिसेंबर, बुधवार

काल भरती केलं. आज पहाटेपासून उपाशी. धाकट्याने भूलतज्ज्ञांना विचारलं, "मी झोपल्यावर माझा श्वास कोण मोजणार?" ते म्हणाले, "मी. आणि हे मशीन." बोटाला चिमटा लावून आकडा दाखवला, 98. त्याला पटलं.

आत नेलं तेव्हा साडेनऊ. बाहेरच्या बाकावर ह्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. साडेदहाला दार उघडलं. झालं. तोंडावाटेच करतात, बाहेरून टाका नाही, कापल्याची खूण नाही. शुद्धीवर येताना फार रडला, मास्क ओढत होता. तोंडाला थोडं रक्त. मला अंगणवाडीत टोचलेल्या शेकडो बाळांचं रडणं सहन होतं. याचं झालं नाही.

संध्याकाळी थंड दूध दोन घोट.

19 डिसेंबर, गुरुवार

काल रात्री मी झोपले नाही. वॉर्डात दहा-बारा लेकरं, कोणाचं कण्हणं, कोणाच्या आईचं कुजबुजणं. माझ्या खाटेवर मात्र काहीच आवाज नाही. इतकी शांतता की मी घाबरले. तळवा त्याच्या नाकाखाली धरला. श्वास येत होता, कोमट, एकसारखा, तळव्यावर दर दोन-तीन सेकंदांनी टेकत होता. मिनिटाला बावीस. तोंड मिटलेलं. सहा वर्षांत मी याला तोंड मिटून झोपलेला पाहिला नव्हता. पाहिला असेल तर तान्हा असताना.

परत मोजले. परत बावीस. पहाटे कधीतरी त्याच्या पायाशी डोकं टेकून माझाही डोळा लागला.

25 डिसेंबर, बुधवार

सातवा दिवस. घशात गाठींच्या जागी पांढरा थर धरलाय आणि तोंडाला वास येतो. सासूबाई म्हणाल्या, पू झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जखम भरताना असाच थर येतो, तो खरवडायचा नाही. कानही दुखतो म्हणतो. घशाची कळ कानात जाते, तेही सांगितलं होतं. जपायचं एवढंच: पाचव्या ते दहाव्या दिवसात थर सुटताना रक्त येऊ शकतं. लाल रक्त दिसलं की वाट पाहायची नाही, थेट दवाखाना. आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चुकूनही द्यायचं नाही. लहान मुलांच्या शरीरात ते श्वासच मंद करू शकतं. टॉन्सिल काढलेल्या मुलांना ते देऊ नये असा सक्त इशारा अमेरिकेत 2013 सालीच दिला. घरातल्या जुन्या बाटल्या मी कालच काढून टाकल्या.

थंडीत रोज कुल्फी. सासूबाई कपाळावर हात मारतात. आज दुपारी मात्र त्यांनीच पैसे काढून दिले, "जा, आण." रात्री त्याच्या अंथरुणाशी बसल्या होत्या. बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "घरात लेकरू हाय की नाही, समजूनच नाही राह्यलं."

या आठवड्यात अंथरूण एकदाच ओलं झालं.

14 जानेवारी 2025, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाला वीस-बावीस बाया. तीळगुळ दिला आणि वाणाबरोबर प्रत्येकीला एकच विचारलं, "घरात कोणतं लेकरू घोरतं का?" आधी हसल्या. मग पाच हात वर झाले. सर्दीपुरतं घोरणारी दोन. उरलेली तीन आठवड्यातून तीन रात्रींपेक्षा जास्त घोरतात, तोंड उघडं ठेवून. तिघींना व्हिडिओ काढायला शिकवलं. त्यातल्या दोघींना उद्या आरोग्य केंद्रात नेते. शेकडा एक ते पाच मुलांना हा त्रास असतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आमच्या गावाएवढ्या गावात ती मुलं नक्की असणार. आजवर कोणी विचारलंच नाही.

पोडावरच्या त्या पोरीला गेल्या आठवड्यात नागपूरला पाठवलं. ती सिकलसेलची, तिला आधी झोपेची तपासणीच लागणार. रात्री ऑक्सिजन खाली गेला तर तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वळतात, वेदना उसळतात. तिच्या बाबतीत घोरणं म्हणजे दुहेरी धोका. आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली, मुक्काम नातेवाइकाकडे. आमच्या ऑपरेशनलाही सगळ्यात जास्त खर्च झाला तो एस.टी.चा, खानावळीचा आणि न वेचलेल्या कापसाचा. उपचार दूर आहे ही गोष्ट खरीच आहे आणि ती आम्ही आशा बदलू शकत नाही.

धाकट्याचं वजन आज सतरा किलो. डॉक्टरांनी बजावलंय, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. काहींचं घोरणं परत येतं, तेव्हा सगळं संपलं असं समजू नका. म्हणून शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवली, 18 मार्च.

या पानाखाली मी मोहिमेच्या तक्त्यात नसलेला एक प्रश्न लिहिलाय. वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला तोच विचारते. आज रात्री लेकरू झोपल्यावर दिवा लावा आणि त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा. तोंड उघडं आहे का, मान मागे ताणली आहे का, उशी ओली आहे का, घोरणं मधेच थांबून पोट मात्र हलत राहतं का, एवढं पाहा. दिसलं तर मोबाइलवर टिपून घ्या आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. त्याला पैसा लागत नाही, आणि यवतमाळही लांब पडत नाही.